लमुन मावशीचा नंबर

सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही. हा माझा नियम आहे, आणि आमच्या बस स्टँडवरच्या सगळ्याच दुकानदारांचा आहे. गेल्या वर्षी मी तो एकदाच मोडला. दुकान उघडता उघडता एक बाई चार्जर मागायला आली, मी झाडू मारत होते, म्हटलं दुपारी या. त्या दिवशी दुकानातला पंखा जळला, दिवसभर माशीसुद्धा आत फिरकली नाही आणि संध्याकाळी शेजारच्या कुत्र्याने माझी एक चप्पल पळवली. एकच पळवली, म्हणजे दुसरीचाही उपयोग नाही. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

माझं नाव पुई. लाओसहून येणारी बस मेकाँगवरचा पूल ओलांडून जिथे थांबते, तिथे माझं मोबाईलचं दुकान आहे. बसमधून फरांग उतरतात, फरांग म्हणजे गोरे पाहुणे. उतरल्या उतरल्या त्यांना आधी संडास लागतो आणि मग सिमकार्ड. संडास समोर आहे आणि सिम माझ्याकडे, त्यामुळे माझं बरं चाललंय.

गल्ल्याशेजारच्या फळीवर आमची नांग क्वाक बसते. दुकानाची देवी, एक हात वर करून गिऱ्हाइकाला बोलावत असते. तिला मी रोज सकाळी लाल सरबताची बाटली ठेवते, नळी घालून, कारण नळीशिवाय ती पिणार कशी? आणि रोज संध्याकाळी दुकान बंद करताना सिमचं एक पाकीट तिच्या पायाशी ठेवते. दुसऱ्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाला तेच द्यायचं. पहिली विक्री, म्हणजे भवानी, देवीच्या पायाशी ठेवलेल्या मालाने झाली की दिवस बरा जातो. अकरा वर्षांची सवय आहे, हात आपसूक तिकडे जातो, बघावंसुद्धा लागत नाही. घोटाळा झाला तो ह्याच्यामुळेच.

आता मावशीचं सांगते. लमुन मावशी माझ्या आईची थोरली बहीण. आई बँकॉकला कारखान्यात कामाला, त्यामुळे मला लहानाचं मोठं मावशीने केलं. लमुन म्हणजे मऊ, हळुवार. नाव ठेवणाऱ्याने बाळाला रडताना ऐकलं नसावं. मावशीने भाजलेली कोंबडी आणि कच्च्या पपईचं सोमतम खाल्लं की माणूस बोटं चाटत बसतो, त्यात वाद नाही. पण तिच्या जिभेला हाड नाही. फोनवर कुणी विचारलं, कोंबडी मोठी आहे ना, की मावशी म्हणणार, "खायची आहे की लग्न लावायचंय तिच्याशी?"

सवेंग काका होते तोवर मावशी घरूनच कोंबड्या भाजून द्यायची आणि फोन काका घ्यायचे. काका म्हणजे देवमाणूस. आयुष्यभर "हो" सोडून दुसरा शब्द त्यांनी फारसा वापरला नाही, आणि वापरायला वाव तरी कुठे होता? तिखट त्यांना अजिबात सोसायचं नाही, आणि बायको मिळाली ती ही. चार वर्षांपूर्वी काका गेले. मग मावशीने दुकान काढलं, फोन स्वतः घ्यायला लागली, आणि दीड वर्षात दुकान बंद पडलं. दुसरं तर आठच महिने चाललं. त्या वेळी तिने नगराध्यक्षांच्या बायकोला सांगितलं होतं की एवढी घाई असेल तर कच्चीच घेऊन जा.

हे तिसरं दुकान. मावशीची साठी कधीच उलटली. मला म्हणाली होती, पुई, हे चाललं नाही तर मी गप्प घरी बसणार. मावशी गप्प बसलीय हे चित्रच मला डोळ्यांपुढे आणता येईना, आणि आणलं तेव्हा मला रडू आलं.

म्हणून आम्ही दोघी आजान फूमकडे गेलो. आजान म्हणजे गुरुजी. हे निवृत्त पोस्टमन, फोन नंबरातल्या आकड्यांची बेरीज करून माणसाचं काय होणार ते सांगतात. त्यांनी मावशीचा जुना नंबर बघितला आणि चष्मा काढून पुसला. म्हणाले, बाई, ह्याची बेरीज भांडणाची आहे, तुमचा काही दोष नाही. मावशी एवढी खूश झाली की त्यांना घरी जेवायलाच बोलावलं. मग त्यांनी गोड वाणीची बेरीज काढून दिली. त्या बेरजेचा नंबर शोधायला मला तीन महिने लागले. मिळाला तेव्हा आजान म्हणाले, पाकीट नऊ दिवस देवीच्या पायाशी ठेवायचं आणि गुरुवारी सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांनी, दुकानाच्या मुहूर्तावर, फोनमध्ये घालायचं. तोवर उघडायचं नाही.

मावशीला कुठला धीर. तिने तो नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतला, पाठीवर नंबर छापलेले पिवळे शर्ट शिवून घेतले, आणि देवळाच्या जत्रेत प्लास्टिकचे पाचशे हातपंखे वाटले. एका बाजूला कोंबडी, दुसऱ्या बाजूला नंबर आणि पत्ता. गावात असं घर उरलं नाही जिथे मावशीच्या नंबराने वारा घेत नव्हते.

तो गुरुवार उजाडला. आदल्या दिवशी एक पूर्ण बस भरून फरांग आले होते आणि माझ्याकडची सगळी सिम संपली होती, नवा खोका दहाच्या गाडीने येणार होता. म्हणजे संध्याकाळी देवीच्या पायाशी पहिल्या गिऱ्हाइकासाठी ठेवायला पाकीट नव्हतंच. तिथे होतं ते फक्त मावशीचं. हे मला माहीत होतं. पण साडेसातला शटर वर केलं आणि समोर पहिलं गिऱ्हाईक उभं.

फरांगच होता. पाठीवर त्याच्याएवढीच पिशवी, छातीपर्यंत लाल दाढी, पायात फाटक्या सपाता. सिम, सिम, असं दोन बोटांनी दाखवत होता. हसून म्हणाला, "सवातदी." आमच्या भाषेतले त्याला चारच शब्द येत होते. नमस्कार, हो, धन्यवाद आणि तिखट नको. ते चारही त्याने मला लगेच म्हणून दाखवले. मी म्हटलं, अगंबाई, हुशार आहे की. आणि बोलता बोलता हात मागे नेला, देवीच्या पायाशी होतं ते पाकीट उचललं आणि गल्ल्यावर ठेवलं.

पुढे बघायला वेळच मिळाला नाही, कारण त्याची दाढी. आमच्याकडे सिम घ्यायचं तर पासपोर्ट लागतो आणि मशीनसमोर चेहरा दाखवावा लागतो. पासपोर्टवर तो गुळगुळीत होता आणि समोर हे जंगल. मशीन म्हणे, चेहरा जुळत नाही. मी त्याला दाढी दोन्ही हातांनी गळ्यापाशी दाबून धरायला लावली. मशीन म्हणे, हात बाजूला करा. मग मी मागून जाऊन त्याची दाढी त्याच्याच मफलरने बांधली. पोलंडचा होता, नाव वाचायला गेले तर सगळी अक्षरं एकमेकांत अडकलेली, म्हणून मी मनातल्या मनात त्याला दाढीवाला म्हणायला लागले. मशीनने डोळे मिटा म्हटलं, त्याने मिटले. उघडा म्हटलं, उघडले. हसा म्हटलं, तर एवढा हसला की मफलर सुटला. चौथ्या वेळी कुठे जमलं. मी घाम पुसला, सिम त्याच्या फोनमध्ये घातलं, आठवड्याचं इंटरनेट टाकून दिलं. त्याने धन्यवाद म्हटलं आणि गेला.

मग मी रोजच्यासारखी भवानीची नोट हातात घेतली आणि दुकानातल्या एकेका वस्तूवर थोपटत निघाले. चार्जरवर, कव्हरांवर, हेडफोनवर, चांगलं होवो, चांगलं होवो म्हणत. शेवटी देवीच्या पायांवर नोट टेकवली, आणि पाय रिकामे.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मी तशीच नोट हातात धरून रस्त्यावर धावले. उजवीकडे तीनचाकी, डावीकडे तीनचाकी, दाढी कुठेच नाही. परत येऊन मावशीचाच नंबर लावला. म्हटलं, आता तो नंबर त्याच्याच खिशात आहे, एवढं तरी सोपं. त्याने उचलला. मी माझ्या दुकानापुरत्या इंग्रजीत सांगितलं, ये, दुकान, परत. तो म्हणाला, "हो. हो. तिखट नको. धन्यवाद." आणि ठेवून दिला. पुन्हा लावला तर व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गावातले पाचशे पंखे जागे झालेत.

बस स्टँडजवळची तिन्ही गेस्ट हाऊस मी पालथी घातली. दाढीवाला नाही. पावणेनऊ झाले. मावशीच्या दुकानात नऊ भिक्खू येऊन बसले असणार, मावशी नवा पिवळा शर्ट घालून माझी वाट बघत असणार. मग मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. माझ्या दुसऱ्या फोनमधलं जुनं सिम काढलं, लाल कागदात गुंडाळलं, आणि नऊ वाजून नऊ मिनिटांनी, भिक्खूंचं पठण चालू असताना, अगदी गंभीर चेहऱ्याने ते मावशीच्या फोनमध्ये घातलं. मावशीने हात जोडले. आजान फूमनी डोळे मिटून मान डोलावली. त्यांनाही काही कळलं नाही, एवढं मात्र मी लक्षात ठेवलं.

माझा बेत असा होता की तासाभरात दाढीवाला सापडेल, मी गुपचूप बदल करीन, मावशीला पत्ता लागणार नाही. पण तो सापडेना, आणि मावशी फोन समोर घेऊन बसली. निखाऱ्यांवर कोंबड्या लावलेल्या, पपया किसून ठेवलेल्या, चिकट भात वाफेवर. पाठीवर नंबर. भिंतीवर सवेंग काकांचा फोटो. फोन वाजेना. साडेनऊ झाले, दहा झाले. मावशीने फोन उलटा करून बघितला, आवाज वाढवला, शर्टाच्या टोकाने पुसला. मी दाराबाहेर उभी राहून तोच नंबर लावत होते आणि मला व्यस्त, व्यस्त ऐकू येत होतं.

साडेदहाला मावशीने मला आत बोलावलं. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती एवढ्या हळू बोलली की मला वाकावं लागलं.

"पुई, नंबराचा काही दोष नाही गं. गावाला माझं तोंड माहीत आहे. कोण करणार मला फोन?"

हीच बाई माझ्या शाळेतल्या हेडमास्तरांना एका दमात वीस मिनिटं बोलली होती, कारण त्यांनी मला बेडूक म्हटलं होतं. मी ठरवलं, आता सांगून टाकायचं, मारलं तरी चालेल. तोंड उघडलं, "मावशी, तो नंबर," एवढंच म्हणाले, आणि दारात शाळेच्या बाई उभ्या राहिल्या, मागे दोन रिकाम्या टोपल्या घेऊन शिपाई.

बाई म्हणाल्या, आमच्या वीस कोंबड्या तयार आहेत ना? सकाळी फोनवर सांगितलं होतं.

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. बाईंना घाई होती, त्या आपल्या बोलतच राहिल्या. म्हणाल्या, लमुनताई, खरं सांगू, भीतभीतच फोन केला होता, पण फोनवर तुमच्याकडे कोण बसतात हो ते? किती गोड माणूस. जे सांगू त्याला हो म्हणाले. शिवाय मुलांसाठी आहे म्हटल्यावर आपणहून म्हणाले, तिखट नको. एवढी काळजी कोण करतं हल्ली?

मावशी निखाऱ्यांकडे धावली. बाईंच्या मागून दवाखान्याच्या नर्सबाई आल्या, त्यांच्या बारा कोंबड्या आणि आठ सोमतम. मग गॅरेजवाले, मग देवळाचे सेवक, मग सरकारी कचेरीतली अख्खी टेबलं. प्रत्येक जण फोनवर सांगून आलेला, आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं, काय तो माणूस, हो म्हणाला, तिखट नको म्हणाला, धन्यवाद म्हणाला. सगळे हसत होते, कुणी ताटकळत उभं राहायलाही कुरकुर केली नाही. मी पपई कुटत होते, मावशी कोंबड्या उलटत होती, आमचे दोघींचे केस धुराने माखले होते.

जरा उसंत मिळाली तेव्हा मावशीने निखाऱ्यांना वारा घालायचा पंखा खाली ठेवला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"फोन माझ्यापुढे आहे, आणि तो वाजला नाही," ती म्हणाली. "तरी गावाशी कुणीतरी बोलतंय. पुरुष आहे. सगळ्याला हो म्हणतो. आणि त्याला तिखट चालत नाही."

मग ती भिंतीवरच्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात जोडले. काकांना म्हणाली, म्हाताऱ्या, मेल्यावर तरी आराम करायचास. आणि ढसाढसा रडायला लागली. नर्सबाईंनाही रडू आलं, आजान फूम म्हणाले की बेरीज एवढी जोरात लागेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं, आणि गॅरेजवाल्यांनी फोटोला वाकून नमस्कार केला. आता सांगा, अशा वेळी मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? मी आणखी जोरात पपई कुटायला लागले. मनात म्हटलं, राहू दे हे असंच, आनंदात आहे ना ती.

तेवढ्यात दारात एक परका माणूस आला. पाठीवर त्याच्याएवढीच पिशवी, पायात फाटक्या सपाता, आणि चेहरा अगदी गुळगुळीत, नुकता सोललेला. हातात मावशीचा हातपंखा. मला ओळख पटायला वेळ लागला, कारण दाढी गेली होती.

"सवातदी," तो म्हणाला. "कोंबडी. तिखट नको. धन्यवाद."

शाळेच्या बाई भाताचं पुडकं घ्यायला परत आल्या होत्या. त्या ओरडल्या, हाच तो आवाज!

नंतर त्याने जे काही सांगितलं ते नर्सबाईंच्या इंग्रजीतून मला कळलं. लाओसमध्ये त्याला कुणीतरी सांगितलं होतं की आमचे लोक फार अगत्यशील. त्याचं सिम चालू झालं आणि लगेच फोन सुरू झाले. माणसं हसून काहीतरी विचारत होती. त्याला वाटलं, नवा पाहुणा आला की अख्खं गाव फोन करून विचारपूस करतं, ही इथली रीतच असेल. मग नाही कसं म्हणायचं? त्याने सगळ्यांना हो म्हटलं, आणि सगळे जेवायला बोलावत असतील तर आधीच सांगितलेलं बरं, म्हणून तिखट नको. सकाळी मशीनने दाढीवरून एवढा छळ केला म्हणून तो न्हाव्याकडे गेला होता, मी सगळीकडे शोधलं ते न्हाव्याचं दुकान सोडून. तिथे न्हावी एका पंख्याने वारा घेत होता. त्या पंख्यावर स्वतःचा नंबर छापलेला बघून दाढीवाल्याला भरून आलं. एवढं स्वागत त्याच्या स्वतःच्या गावानेही कधी केलं नव्हतं. पंख्यावरचा पत्ता विचारत विचारत तो आभार मानायला आला होता.

दुकान हसून हसून लोळायला लागलं. मावशी मात्र माझ्याकडे बघत होती. मी हातातलं मुसळ ठेवलं, गुडघ्यांवर बसले, हात जोडले आणि सगळं ओकले. देवीच्या पायाशी ठेवलेलं पाकीट, लाल कागदातलं खोटं सिम, सगळं.

"म्हणजे तो नव्हता?" मावशीने एवढंच विचारलं.

"नाही मावशी," मी म्हटलं. ह्या दोन शब्दांएवढं जड मी आयुष्यात काही उचललं नाही.

तिने श्वास आत घेतला आणि सुरू झाली. माझ्या डोक्यात भुसा आहे इथपासून ते मला लहानपणी नदीत सोडून आली असती तर मासेसुद्धा परत घेऊन आले असते, इथपर्यंत. सहा-सात मिनिटं तरी चाललं. दाढीवाल्याला वाटलं, गाणं आहे, त्याने शेवटी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मला इतकं हायसं वाटलं की मी पण वाजवल्या असत्या.

आता नंबर परत घ्यायचा. सोपं काम, दाढीवाल्याने माझ्या दुकानात यायचं, मशीनला चेहरा दाखवायचा, नंबर मावशीच्या नावावर करायचा. आम्ही सगळे गेलो, वरातच म्हणा. मशीन म्हणे, चेहरा जुळत नाही. सकाळी दाढीमुळे अडलं होतं, आता सकाळच्या चेहऱ्याशी जुळत नाही म्हणून अडलं, कारण दाढी नाही. मी कपाळावर हात मारला. न्हावी धावत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ती दाढी घेऊन आला. आम्ही चिकट भात मळून त्याच्या गालांना लावला आणि त्यावर दाढी बसवली. अगदी झकास बसली, थोडी उलटी होती एवढंच. मशीनने डोळे मिटा म्हटलं, मिटले. उघडा म्हटलं, उघडले. हसा म्हटलं, आणि तो हसल्याबरोबर अर्धी दाढी गल्ल्यावर पडली. भाताच्या वासाने शेजारचं कुत्रं आत आलं आणि उरलेली घेऊन गेलं.

म्हणजे दाढी उगवेपर्यंत नंबर त्याचाच. आजान फूमनी बोटांवर मोजून सांगितलं, नऊ दिवस. दाढीवाल्याला कुठेही पोचायचं नव्हतं. मावशीने त्याला माडीवरची खोली दिली, दिवसाला दोन कोंबड्या कबूल केल्या, बिनतिखटाच्या, आणि त्याला पिवळा शर्ट घालून फोनपाशी बसवलं. फोन मोठ्या आवाजावर ठेवायचा. गिऱ्हाईक बोलणार, तो हो म्हणणार, आणि मावशीने शेजारी बसून ऐकून वहीत लिहायचं. पण लिहिताना बोलायचं नाही, कारण दोन आवाज आले की तो गोंधळायचा.

नऊ दिवस मावशी ऐकत बसली. मी रोज संध्याकाळी जाऊन बघायचे. कुणी विचारलं, कोंबडी मोठी आहे ना, की तिचे ओठ हलायचे, मानेची शीर फुगायची, पेन्सिलीचं टोक मोडायचं. तो म्हणायचा हो, आणि कोंबडी विकली जायची. पहिल्या दिवशी तिने आठ पेन्सिली मोडल्या. सहाव्या दिवशी दोन. आठव्या दिवशी मी विचारलं तर म्हणाली, आज एकच, आणि तीसुद्धा हातातून पडली.

नवव्या दिवशी मशीनने दाढीवाल्याला ओळखलं. नंबर मावशीचा झाला. मी देवीच्या पायाशी ठेवलेलं सिम, दोनदा नंबर तपासून, त्याला फुकट दिलं, मावशीने केळीच्या पानात बांधलेल्या दोन कोंबड्या दिल्या, आणि तो दुपारच्या बसने गेला. खिडकीतून आमचे चारही शब्द ओरडत गेला.

आम्ही दुकानात परतलो. फोन मावशीपुढे होता. आता मध्ये कुणी नव्हतं. पाचच मिनिटांत वाजला. मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं, आणि आवाज ओळखून माझं धाबं दणाणलं. नगराध्यक्षांची बायको.

त्या म्हणाल्या, ते गृहस्थ कुठे आहेत, त्यांनाच फोन द्या, तुमच्याशी मला बोलायचं नाही. मावशी म्हणाली, ते गेले. त्यावर पलीकडून एक सुस्कारा, आणि मग, बरं, दहा कोंबड्या हव्यात, घाईत आहे मी, आणि मोठ्या आहेत ना? मागच्यासारख्या चिमण्या नकोत.

मावशीने तोंड उघडलं. मी डोळे मिटून घेतले. मला त्या दुकानाची पाटी उतरताना दिसली.

"हो," मावशी म्हणाली.

पलीकडून बाईंनी विचारलं, लमुन, तूच आहेस ना?

"हो. हो. धन्यवाद."

तिने फोन ठेवला. कपाळ घामाने डबडबलं होतं. भिंतीकडे वळून काकांच्या फोटोकडे तिने एवढा वेळ बघितलं की निखाऱ्यांवरची एक कोंबडी करपली, तरी ती हलली नाही.

"चाळीस वर्षं," ती म्हणाली. "म्हाताऱ्या, चाळीस वर्षं तू हे कसं केलंस रे?"

मग तिने एका बशीत कोंबडीचा चांगलासा तुकडा घेतला, चटणीची वाटी बाजूला सारली आणि बशी फोटोपुढे ठेवली.